मंत्राची किंमत

आमच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी एक लढाई होते. ताटे उचलण्याचाच अवकाश, की त्या जागी कागद, पेन्सिली आणि चार, सहा, आठ, वीस बाजूंचे रंगीबेरंगी फासे येतात. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. थोरला नातू निखिल गोष्ट रचतो. बाकीची मंडळी त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि 'मी दार फोडतो', 'मी मंत्र म्हणतो' असे सांगत, फाशांच्या कौलाने ती पुढे नेतात. मी शेजारच्या आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडलेला असतो. कान मात्र उघडे असतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी सई डाव अर्धा टाकून माझ्याजवळ येऊन बसली. वय वर्षे अकरा. खेळात तलवारबहाद्दर योद्धा.

"आजोबा, मी नाही खेळणार आता. मला तिथं कामच नसतं. तन्मयदादा एक अग्निगोल टाकतो, एकदम आठ फासे फेकतो, की सगळे राक्षस खलास. माझी तलवार आपली म्यानात."

तन्मय माझ्या मुलीचा मुलगा. खेळात जादूगार, आणि एरवीही थोडासा तसाच.

मी चौतीस वर्षे एका कारखान्यात उत्पादनखर्चाचे हिशेब केले. एखादी वस्तू फारच स्वस्त पडू लागली, की खर्च कुठेतरी लिहायचा राहिला आहे, हे मला वासावरून कळते. निखिलकडून नियमांची पुस्तके मागून घेतली. तो हसला, पण त्याने दिली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यातल्या जादूची कल्पना जॅक व्हॅन्सच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० सालच्या पुस्तकावरून घेतलेली. मंत्र घोकून डोक्यात भरायचा, आणि एकदा उच्चारला की तो डोक्यातून पार पुसला जायचा! नवशिक्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. वरची पायरी चढायला योद्ध्याला २००० गुण पुरत, जादूगाराला २५०० लागत. १९७८ च्या नियमांत तर योद्ध्याचा प्राण दहा बाजूंच्या फाशाने मोजत आणि जादूगाराचा चार बाजूंच्या. मांजराने पंजा मारला तरी बिचारा आटोपायचा. मला कर्ण आठवला. इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरायची. अर्जुनासाठी राखलेली ती घटोत्कचावर खर्ची पडली, आणि तिकडे कृष्णाला आनंद झाला. व्यासांना खर्चाचा हिशेब उत्तम कळत होता म्हणायचे!

पुढे ही काटकसर लोकांना जाचू लागली. २००० सालच्या आवृत्तीत गुणांचा तक्ता सर्वांना एकच झाला आणि मुरलेला जादूगार आभाळाला टेकला. २००८ साली सर्वांना एकाच मापाचे सदरे शिवले. तर ओरड झाली, की आता योद्धा कोण आणि जादूगार कोण हेच ओळखू येत नाही. आमची मुले खेळतात ती आवृत्ती २०१४ सालची. तीत किरकोळ मंत्र फुकट, मोठे मोजून. तन्मयच्या पायरीला तो अग्निगोल विश्रांतीवाचून दोनदाच.

दोनदाच, तर मग सईची तलवार म्यानात का? उत्तर त्याच पुस्तकांत सापडले. दोन मुक्कामांच्या मध्ये सहा ते आठ झुंजी होतील, असा तिथे अंदाज धरला आहे. आमची मंडळी एक झुंज झाली की तंबू ठोकून आठ तास झोपत! म्हणजे दोन रुपये खर्चावेत आणि सकाळी खिशात पुन्हा दोन रुपये असावेत. अशाने कोण उधळणार नाही?

पुस्तक मिटले तेव्हा मला दादा आठवला. वडील गेले तेव्हा तो अठरा वर्षांचा. कॉलेज सोडून तो दुकानाच्या गल्ल्यावर उभा राहिला आणि मी माडीवर दिवा लावून परीक्षेची पुस्तके घोकत बसलो. पुढे माझ्या पदव्यांचे कौतुक झाले. हळूहळू घरच्या मसलतीत दादाला कुणी काही विचारीनासे झाले, मीही. एकदा असाच तो बैठकीतून उठून ओसरीवर जाऊन बसला होता. मी त्याच्यामागे गेलो नाही.

निखिलला मी एवढेच म्हटले, "यांना झोपू देऊ नकोस."

पुढच्या रविवारी त्याने गोष्टीत एक गढी आणली. पहाटेच्या आत कैदी सोडवले नाहीत तर त्यांचा शिरच्छेद ठरलेला. सईला, एकदाच ये म्हणून, मीच हाताला धरून बसवली. दोन अग्निगोल दोन झुंजींत संपले. तिसऱ्या वेळी जिन्यावरून पावले वाजू लागली, तेव्हा तन्मय बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

"सई, दारात उभी राहतेस? मी मागून बारीकसारीक मंत्र मारतो."

सई आधी स्वयंपाकघरात जाऊन सावकाश पाणी पिऊन आली. मग तिने वीस बाजूंचा फासा असा काही भिरकावला, की तो थेट माझ्या खुर्चीखाली गेला. कंबर धरून मी वाकलो.

"किती, आजोबा?"

चार होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. तोंडावर सतरा आले होते, पण जन्म हिशेबात गेलेला.

"चार," मी म्हटले.

"असू दे," सई म्हणाली, "मी अजून दारात उभी आहे."