पश्चिमेचा उजेड

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी मुलाच्या घरी मी प्रथम गेले ती २०१८ च्या डिसेंबरात. पहिल्याच रात्री झोपमोड झाली म्हणून खिडकीचा पडदा सारला, तो पश्चिमेकडे क्षितिजावर नारिंगी उजेड पसरलेला. कोठे तरी आग लागली असे वाटून मी घाबरून मुलाला हाक मारली. तो डोळे चोळीत आला आणि हसू लागला. "अगं आई, ती टोमॅटोची शेतं आहेत. झोप तू."

त्या शेतांतील दिवे सांभाळणे हेच त्याचे काम. डेल्फ्टच्या पश्चिमेस समुद्रापर्यंत वेस्टलँड नावाचा प्रदेश आहे. तेथे एकाला लागून एक काचगृहे, म्हणून लोक त्याला काचेचे शहरच म्हणतात. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतोही. तेवढ्या फिक्या उन्हावर टोमॅटो कसा पिकावा? म्हणून सोडियमचे दिवे. अलीकडे गुलाबी-जांभळ्या प्रकाशाचे एलईडीही आले आहेत.

एके दिवशी त्याने मला आत नेले. बाहेर हाडे गोठविणारी थंडी, आत चैत्र! माती मात्र औषधालाही नाही. रोपांची मुळे दगडी लोकरीच्या लांबट गाद्यांत रुजलेली आणि प्रत्येक रोपाशी बारीक नळीतून क्षारमिश्रित पाणी थेंबथेंब पडत होते. ही लोकर बेसाल्ट वितळवून, त्याचे तंतू काढून करतात असे मुलाने सांगितले. आपल्या माळव्याची काळी माती त्याच खडकाची झीज. तेव्हा नाते अगदीच तुटलेले नाही, असे मनाशी म्हणून मी समाधान मानले. वेल दोरीवर चढवितात, आणि तो वाढला की दोरी सैल करून खाली उतरवितात. परागीकरणासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांत गुबगुबीत भुंगे पाळलेले. नैसर्गिक वायूवर चालणारे इंजिन दिव्यांना वीज देते, त्याच्या उष्णतेने पाणी तापते आणि त्याच्या धुरातला कर्बवायू शुद्ध करून रोपांनाच पाजतात. काटकसर पाहून माझ्या सासूबाई खूष झाल्या असत्या.

"मग रात्रभर दिवे का ठेवीत नाहीत?" मी विचारले. तेव्हा कळले की अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडतात, त्याला रोज काही तास अंधार लागतोच. मुलाला त्या वेळी तरी झोप मिळते की नाही, हे मात्र मी विचारले नाही.

पुन्हा गेले ती २०२२ च्या डिसेंबरात. पहिल्या रात्री सवयीने पडदा सारला. पश्चिम काळीभोर होती. सकाळी विचारले तर मुलगा म्हणाला, "आता छताला पडदे ओढतात, आई. उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही असा कायदाच आहे." कायदा खराच होता. पण मुलगा आठवडाभर रोज रात्री घरीच होता, आणि बाजारातून सूनबाईने आणलेल्या टोमॅटोंवर स्पेन नि मोरोक्कोच्या चिठ्ठ्या होत्या. काचेच्या शहराच्या वेशीवर मोरोक्कोचे टोमॅटो!

त्याच टोमॅटोंचे सार केले. दुसरी वाटी घेताना मीच विषय काढला. मग तो बोलला. युक्रेनच्या युद्धामुळे वायूचे भाव असे चढले की कित्येक बागाईतदारांनी त्या हिवाळ्यात दिवे लावलेच नव्हते. ऑक्टोबरपासून त्याला निम्मेच काम होते. सूनबाईलाही त्याने गप्प बसविले होते. "तुला बाबांची गिरणी आठवेल म्हणून," तो खाली मान घालून म्हणाला.

गिरणी बंद झाल्यावर हे पंधरा दिवस रोज डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडत, रामबागेत सर्वांना ठाऊक होईपर्यंत मला कळू दिले नव्हते. ही गोष्ट मी मुलाला कधीच सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. सूनबाई उठून माझ्याजवळ येऊन बसली. सार निवले होते, ते मी पुन्हा गरम करायला ठेवले.