दंड आणि दाद

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते. तिची तारीख जवळ आली की थकीत ई-चलानांच्या नोटिसा मोबाइलवर येऊ लागतात आणि मुंबईच्या चाकरमान्यापासून रत्नागिरीच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकमेकांना एकच सल्ला देतात : आत्ता भरू नका, लोकअदालतीत काही कमी होतंय का बघू. या सल्ल्यात एक प्रश्न कुठेच नसतो. त्या दिवशी, त्या ठिकाणी गाडीचा वेग खरोखर मर्यादेबाहेर होता का? वेगाचे चलान खरे की खोटे, याची चर्चाच उरलेली नाही. ते स्वस्तात सुटले की महागात, एवढेच विचारले जाते. बांधावरच्या एका फणसासाठी दोन पिढ्या दिवाणी कोर्टात घालवणारा कोकणी माणूस दोन हजारांच्या चलानापुढे मात्र गप्प बसतो, याची मला गंमत वाटते. माझे म्हणणे असे की वेगाच्या चलानावर सुनावणी मागणे ही पळवाट नव्हे. वेगमर्यादा कडक हवी असेल तर तिच्या नावाने होणारा दंड पुराव्याच्या कसाला उतरणारा हवा, आणि तो उतरतो की नाही हे कळायचे तर कुणीतरी सुनावणी मागितली पाहिजे.

यात वेगाची वकिली करण्याचा हेतू नाही, तशी ती करताही येणार नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांवर माणसे गेली. १९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून खाली गेली आणि ३७ जणांचा जीव गेला, हे रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. तेव्हा वेगावर नजर हवी, कॅमेरे हवेत, स्पीडगन घेतलेली गाडीही हवी. पण त्या ७१ टक्क्यांकडे जरा थांबून पाहावे. हा आकडा पोलिसांनी भरलेल्या तक्त्यांतून येतो, आणि अपघातग्रस्त गाडीचा त्या क्षणीचा वेग बहुतेक वेळा कुणी मोजलेला नसतो. वळणाचा उतार चुकला, दुभाजक अर्धवट राहिला, खडी पसरली होती, दिवे नव्हते, तरी शेवटी ‘वेग’ हा रकाना भरायला सगळ्यात सोपा. तो रकाना खोटाच असतो असे नव्हे, पण त्याच्या आड बरेच काही लपू शकते.

न मोजलेल्या वेगावर विसंबू नये, हे खुद्द कायदा करणाऱ्यांनाही पटलेले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये वेगमर्यादा ओलांडल्याची शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड. त्याच कलमाचे तिसरे उपकलम सांगते की गाडी फार वेगात होती असे एखाद्या साक्षीदाराला वाटले, एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येणार नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असले पाहिजे. पुढे यंत्रे सर्रास आली, तेव्हा यंत्रांनाही मोकळे सोडलेले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. उपकरण अचूक असल्याचे प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक वाहनचालकाला दिसेल असा हवा, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत जायला हवी, तिच्यासोबत नंबरप्लेट दिसणारे छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू कलम हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना रस्त्यांवरील इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम १३६अ आणि हा नियम अमलात आणण्याचे निर्देश दिले. म्हणजे पुराव्याची मागणी करणारा नागरिक नवीन काहीच मागत नाही, छापील नियम वाचून दाखवतो. तो वाचायला कुणी कोर्टात उभेच राहिले नाही, तर प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले की नाही हे तपासायचे कारण कुणाला उरते?

रत्नागिरीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथला महामार्ग. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पनवेलच्या बाजूने २०११ मध्ये सुरू झाले. ते इतके लांबले की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल बांधता बांधताच कोसळला. कशेडीचा बोगदा, परशुराम घाट, संगमेश्वर, निवळी, हातखंबा, लांजा : या पट्ट्यात तयार झालेला गुळगुळीत काँक्रीटचा तुकडा आणि वळण रस्त्याचा खडबडीत तुकडा एकामागून एक येत राहिले. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाता येते, इतर रस्त्यांवर ७०. राज्याला ही मर्यादा कमी करता येते, पण त्यासाठी तिथे फलक हवा. आता सांगा, चौपदरी संपून डायव्हर्जन कुठे सुरू झाले, तात्पुरता फलक पावसाने आडवा झाला होता का, काम संपल्यावरही ४० चा फलक तसाच राहिला होता का, हे त्या एका मेसेजमधून कसे ठरणार? त्या ठिकाणी त्या दिवशी मर्यादा किती होती हा पुराव्याचा प्रश्न आहे, आणि तो मोजलेल्या वेगाइतकाच महत्त्वाचा आहे.

कायद्याच्या पुस्तकात वेगाची जबाबदारी एकट्या चालकावर टाकलेलीही नाही, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. कलम १८३ म्हणते की नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणारा मालकही दोषी. इतकेच नव्हे, वेगमर्यादा पाळून जे वेळापत्रक गाठणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटेल, ते वेळापत्रक काढणे हाच प्रथमदर्शनी पुरावा. गणपतीच्या आधी एका रात्रीत जाऊन-येऊन करणाऱ्या खासगी गाड्यांच्या काळात या वाक्याचे मोल केवढे आहे! दुसरे कलम १९८अ. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. तुलना करा. चालकाने कुणाला खरचटूही दिले नाही तरी दंड, आणि ते योग्यच आहे, कारण धोका निर्माण करणे हाच गुन्हा. रस्ता बांधणाऱ्याने मात्र माणूस मेल्यावर किंवा अपंग झाल्यावरच उत्तर द्यायचे, तेही लाखाच्या आत. वेळापत्रक आणि फलक कॅमेऱ्यात येत नाहीत, नंबरप्लेट येते. बाकीचे समोर आणण्याची जागा एकच : न्यायाधीशांसमोरची सुनावणी.

तिथपर्यंत जायचा रस्ता मात्र अवघड ठेवलेला आहे. चलान आभासी न्यायालयात गेले तर तिथे दंड कबूल करून घरबसल्या भरता येतो. तो मान्य नाही असे कळवले की प्रकरण हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयात जाते. बोरिवलीला राहणाऱ्या माणसाला संगमेश्वराजवळ चलान झाले तर त्याने देवरुखला यायचे. प्रवास, बुडालेली रोजी, वकील धरला तर त्याची फी. दंडाच्या कितीतरी पट खर्च करून आपण दोन हजार वाचवायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते इथे अक्षरशः परवडत नाही म्हणून. मग उरते लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली चालणाऱ्या या व्यवस्थेने वारसांचे, बँकांचे, अपघात भरपाईचे किती वाद सोडवले याबद्दल मला आदरच आहे. पण तिचा पाया तडजोड हा आहे, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. शेजाऱ्याशी तडजोड होते; वेग मर्यादेत होता की बाहेर, यावर कसली तडजोड करायची? शिवाय फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. वर्षानुवर्षांची चलाने साठवून एकदम तडजोडीला बोलावताना ही मुदत कुणी तपासते का, हे विचारायलाच हवे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. सगळेच भांडू लागले तर तालुक्यातली न्यायालये चलानांखाली गाडली जातील. खरे आहे, पण सगळे भांडणार नाहीत, कारण बहुतेकांना आपण चुकलो हे ठाऊक असते. थोड्यांनी मागितलेली सुनावणीही यंत्रणेला प्रमाणपत्रे अद्ययावत ठेवायला आणि फलक उभे ठेवायला भाग पाडते. शिवाय नव्या संहितेच्या कलम ५३० ने खटला इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवायची मुभा दिली आहे. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. बोरिवलीच्या माणसाला देवरुखला बोलावण्याऐवजी पडद्यावर दहा मिनिटे ऐकणे अशक्य नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : बेदरकार लोक याचा फायदा घेतील, तारखा लांबवतील, तांत्रिक मुद्द्यावर सुटतील. काही सुटतील. पण आजची सवलतीची रीत त्यांच्या अधिक सोयीची आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर पन्नास टक्के सूट दिली तेव्हा शंभर कोटींहून अधिक रक्कम जमा झाली आणि मुदत संपताना लोकांची झुंबड उडाली. तिजोरीसाठी ते यश असेल. थांबला की निम्म्यात सुटतो, हा धडा त्यातून कुणाला मिळाला? वेळेवर पूर्ण दंड भरणाऱ्याला तरी नाही.

तिसरा आक्षेप, एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप कशाला. रक्कम एवढीशी आहे, परिणाम नाही. कलम २०० प्रमाणे तडजोड शुल्क भरले की प्रकरण मिटते असा समज आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीने तिथे जोड दिली आहे : तडजोड झाली तरी पुढचा गुन्हा दुसरा की पहिला हे ठरवताना ती मोजली जाईल. आणि वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्याला परवाना जप्त होऊ शकतो. चलान गाडीच्या मालकाच्या नावावर निघते, चालवणारा कुणी वेगळाही असू शकतो. तेव्हा पहिले चलान कुणाच्या खात्यावर गेले हे ट्रकवाल्यासाठी, पर्यटकांना गणपतीपुळ्याला नेणाऱ्या टॅक्सीवाल्यासाठी पोटापाण्याचे प्रकरण आहे.

तेव्हा चलान आले की लोकअदालतीची वाट पाहू नका. छायाचित्र नीट पाहा, ठिकाण कुठले ते पाहा, तिथली मर्यादा किती होती ते आठवा. चूक आपली असेल तर पूर्ण दंड त्याच आठवड्यात भरा आणि सवलत मागू नका. नसेल तर यंत्राचे प्रमाणपत्र मागा, फलकाचा फोटो काढून ठेवा, चलान अमान्य असल्याचे लेखी कळवा. खर्च झेपत नसेल तर पात्र व्यक्तीला मोफत वकील देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रत्नागिरीतही आहे. त्यांच्याकडे तडजोडीसाठीच नव्हे, भांडण्यासाठीही जाता येते.