कणकेचा हात आणि घरचा पाव

घरचा पाव सोपा असतो, हे आज मी खात्रीने सांगते. पण तिथवर येताना माझ्या हातून काय काय चुकलं, तेही सांगायला हवं. पाककृतीत प्रमाण मिळतं. नेमकं कुठे बिघडतं, ते कुणी लिहीत नाही.

अधूनमधून दीर, जाऊबाई, मुलं, सासूबाई असे सगळे आमच्याकडे रात्री जेवायला जमतात. मटणाचा रस्सा नाहीतर पावभाजी ठरलेली. त्याबरोबर ताजा, घरचा पाव वाढायची मला हौस.

पहिली चूक पाण्याची. मी घेतलेलं पाणी कोमट नव्हतं, चटका बसेल असं होतं. यीस्ट जिवंत असतं. ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात ते जागं होतं आणि ६० अंशांच्या आसपास मरतं. साखर घातलेल्या त्या पाण्यावर १० मिनिटांत फेस यायला हवा होता. तो आला नाही, हे मला दिसत होतं. तरीही वेळ जाईल म्हणून मी तेच पाणी मैद्यात ओतलं. संध्याकाळपर्यंत गोळा होता तसाच. ऐनवेळी दिरांना बेकरीत धाडावं लागलं आणि सगळ्यांसमोर मी यीस्टच्या पाकिटाला दोष दिला. पाकिटात काहीच खोट नव्हती.

दुसरी चूक मला फार उशिरा कळली, कारण तिला मी माझं कसब समजत होते. इतकी वर्षं पोळ्या केल्या. हाताला पीठ चिकटलं की परातीत वरून थोडी पिठी घालायची, ही सवय अंगात मुरलेली. पावाच्या पिठालाही मी तेच केलं. मूठ-मूठ करत इतका मैदा जायचा की गोळा घट्ट, गुळगुळीत, हाताला सुखाचा व्हायचा. पाव मात्र दडस निघायचा, गार झाला की चिवट. मुलं आतला मऊ भाग खाऊन कडा ताटात ठेवायची.

पावाचं पीठ सुरुवातीला चिकटच असतं आणि ते तसंच राहू द्यायचं असतं. आता मी एका हाताने ते ओट्यावर लांब ताणते, दुमडते, पुन्हा ताणते. पहिली पाच-सात मिनिटं बोटांना चिकटून लोंबत राहतं, धीर सुटतो. मग हळूहळू ते ओटा सोडायला लागतं. १२-१५ मिनिटांनी छोटा तुकडा दोन्ही हातांनी पसरला, तर न फाटता पातळ पापुद्रा होतो आणि त्यातून उजेड दिसतो. मैद्यातलं ग्लूटेन तयार झाल्याची ही खूण. फुगताना तयार होणारा वायू हेच जाळं धरून ठेवतं. कोरडा मैदा वाढवला की जाळं ताठर होतं, ताणलं जात नाही.

तिसरी चूक घड्याळाची. कृतीत एक तास लिहिलं होतं, म्हणून पुण्यातल्या डिसेंबरातही मी एक तासच थांबले. अर्धवट फुगलेलं पीठ भाजलं. पुढे मे महिन्यात तेवढाच वेळ ठेवलं, तर ते जास्त आंबून खाली बसलं. आंबोळीचं पीठ आलं का, हे आपण झाकण उघडून बघतो. इथेही तेच करायला हवं होतं. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव करणारे, पूर्वी माडाची सूर घालून पीठ आंबवायचे. तिथे पाकिटावरच्या सूचना नव्हत्या. नजर पिठावरच ठेवावी लागत असणार. आता मी गोळा दुप्पट होईपर्यंत थांबते. ट्रेमध्ये लावलेल्या पावाला बोटाने हलकेच दाबते. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू भरला तर ओव्हनची वेळ झाली.

माझं प्रमाण असं : ५०० ग्रॅम मैदा, दूध आणि पाणी मिळून ३२० मिली, ७ ग्रॅम यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लोणी. लोणी शेवटी मळायचं. साधारण ७५ ग्रॅमचे १२ गोळे ट्रेमध्ये जवळजवळ लावायचे, म्हणजे फुगून एकमेकांना चिकटतात आणि बाजू मऊ राहतात. वरून दूध लावून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर २० ते २५ मिनिटं. मंद आचेवर जास्त वेळ भाजलं तर कोरडे पडतात, हेही मी करून बसले आहे. बाहेर काढल्याबरोबर लोणी फिरवून सुती कापडाने झाकायचे.

रात्री आठला जेवायचं असेल तर साडेचारला पीठ मळायला घ्या; थंडीत तासभर आधी. उशीर झालाच, तर त्या दिवशी सरळ पोळ्या करा. पावाच्या पिठाला घाई करू नका.