भाऊबीज

निर्मलहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की सोनला गोदावरी ओलांडायची, आर्मूर मागे टाकायचं, मग डिचपल्ली. १९६४ साली, नऊ वर्षांचा असताना, मी वडिलांबरोबर तिथे प्रथम गेलो. आत्याला भेटायला चाललोय हे मला मोटारीत बसल्यावर कळलं. घरात ती ‘गावाला’ होती. महारोग हा शब्द आमच्याकडे उच्चारायचा नसे.

डिचपल्लीचा तो दवाखाना १९१५ सालचा. जॉर्ज केर हे मेथडिस्ट मिशनरी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी इझाबेल यांनी तो उभारला. पैशाची मोठी मदत केली ती राजा नरसा गौड या निजामाबादच्या हिंदू गृहस्थाने. आधी कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं देत, पुढे डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. आनंदवन मराठी माणसाला ठाऊक असतं. घराजवळचं हे मात्र आम्हीच कुणाला सांगितलं नाही.

वडील फाटकाजवळच्या झाडाखालीच बसले. एक नर्सबाई लगबगीने आल्या. “अण्णा, मंचिनीळ्ळु?” वडिलांनी नको म्हटलं. तहान तर दोघांनाही लागली होती! मी मात्र आत डोकावलो. त्याच बाई आत्याचं पाऊल मांडीवर घेऊन जखम धूत होत्या, आणि आत्या चक्क हसत होती.

“बाटवायचे धंदे,” वडील परतताना म्हणाले. आत्या तीन वर्षांनी बरी होऊन आली, ती आपल्या जपमाळेसकट.

योहानाच्या पहिल्या पत्रात खऱ्या विश्वासाची खूण सांगितली आहे, असं मी फार उशिरा वाचलं. डोळ्यांपुढच्या भावावर माया नाही, त्याने न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाच्या गोष्टी करू नयेत, असा काहीसा त्याचा आशय. वाचताना मला आमचं देवघर आठवलं. सोवळ्यात जराही कसूर नसे. आणि मागच्या पडवीत आत्याचं ताट, तांब्या, सगळं निराळं.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला तिने वडिलांना ओवाळलं. वडील पाटावर बसले, ओवाळणीही घातली. पण टिळा लावायला तिचा हात पुढे आला, तेव्हा त्यांनी करंड्यातलं कुंकू आपल्याच बोटाने कपाळाला लावून घेतलं. आत्या काही बोलली नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या नर्सबाई तिची चौकशी करायला घरी आल्या. पडवीत तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि तिच्याच ताटातली करंजी उचलून खाऊ लागल्या. येशूचं नाव त्यांनी काढलं नाही. गप्पा चालल्या होत्या त्या गुडघेदुखीच्या आणि तिळाच्या भावाच्या.

आत्याने मलाही हाक मारली, हातावर बेसनाचा लाडू ठेवला. दोघी माझ्याकडे बघत होत्या. “आई बोलावतेय,” असं सांगून मी आत पळालो, आणि न्हाणीच्या मागे जाऊन तो लाडू मातीत पुरला.