गॅरेजची जमीन

'गॅरेज' म्हटले की मराठी मनाला आठवते ती मोटार दुरुस्त करण्याची जागा: ऑइलने काळवंडलेली जमीन, पत्र्याचे छप्पर आणि गाडीखालून बाहेर आलेले मेस्त्रीचे पाय. घराला चिकटलेली, घराच्याच छपराखालची, पण घर नसलेली जी अमेरिकी खोली, तिला आपल्याकडे नेमका शब्द नाही. (पडवी जवळ येते, पण पडवीत माणसे बसतात.) डेट्रॉइटच्या उपनगरातल्या आमच्या घरी ही खोली वीस फूट लांब आणि तितकीच रुंद आहे. तिच्या जमिनीचा विचार करण्याची वेळ आली ती वडिलांमुळे.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे आले. साताऱ्याला रोज पहाटे चालायला जाणारा हा माणूस. इथे डिसेंबरपासून पदपथावर काचेसारखा बर्फ. चालणे सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावलेले. आणि पडू नका, असेही. मार्ग त्यांनीच काढला. आम्ही गाड्या घेऊन कामावर गेलो की रिकाम्या गॅरेजात येरझारा घालायच्या. (इंजिन सुरू असताना तिथे पाऊल टाकायचे नाही, हा नियम आम्ही दारावर ठळक अक्षरांत लावला, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.) पण चाकांबरोबर वितळते बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ आत येई, काँक्रीट निसरडे होई आणि त्याचा गारठा चपलेतून तळव्याला लागे. मिठाची खाण खुद्द डेट्रॉइट शहराखाली, हजार फुटांहून खोल आहे, हे ऐकून वडिलांना फार नवल वाटले होते. असो.

पहिला विचार इपॉक्सीच्या लेपाचा होता. त्याआधी एक जुनी, सोपी परीक्षा केली: दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिक काँक्रीटवर चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवले. उचलले तेव्हा आतून थेंब साचलेले होते. ज्या काँक्रीटमधून ओल वर येते त्यावर लेप टिकत नाही, सुटून पापुद्रे निघतात. म्हणून मग एकमेकांत अडकणाऱ्या फरश्या. त्यांना खाली गोंद लागत नाही.

यात दोन जाती. पॉलीप्रॉपिलीनच्या फरश्या कडक असतात. दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना खुंट्या. त्यातल्या जाळीदार फरश्यांमधून पाणी खाली उतरते आणि वरचा भाग कोरडा राहतो. गाड्यांसाठी याहून उत्तम काही नाही. पण आम्ही नमुना आणून जमिनीवर ठेवला, वडिलांनी त्यावर काठी टेकली आणि टोकाचे रबरी बूच भोकात अडकले. शिवाय पोकळ फरशीवर पावलागणिक टकटक आवाज होतो. दुसरी जात लवचिक पीव्हीसीची: मऊ, आवाजरहित, कडांना कोड्याच्या तुकड्यांसारखे दाते. तिचा दोष एवढाच की टायरच्या रबरातली द्रव्ये तिच्यात उतरतात आणि तपकिरी डाग कायमचे राहतात. गाड्यांखाली एक जात आणि चालण्याच्या पट्ट्यात दुसरी, हा तोडगा सुचला होता. पण दोन्हींची जाडी सारखी नसते, आणि म्हाताऱ्या पायाला अर्धा इंचाची पायरीही पुरते. तेव्हा सगळीकडे पीव्हीसी, आणि डाग लपावेत म्हणून गडद करडी.

एक फुटी चौकोनाच्या चारशे लागल्या. वीस जास्तीच्या घेतल्या. थंडीत त्या ताठरतात, म्हणून खोकी दोन दिवस घरात ठेवली. जमीन धुऊन पूर्ण वाळवली. दारापासून सुरुवात केली, कारण गाडी आत येताना तिथे अखंड फरशी हवी. कापलेले तुकडे मागच्या भिंतीशी गेले. भिंतीलगत पाव इंचाची फट सोडली: उन्हाळ्यात प्लॅस्टिक फुगते, आणि फट नसेल तर मधोमध फुगवटा येतो. रबरी हातोड्याने सांधे ठोकण्याचे काम वडिलांनी स्टुलावर बसून, काठी उलटी धरून, फक्त सूचना देत केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "अरे, हे पुन्हा उचकटता येतं ना?"

येते, आम्ही म्हणालो. घर विकले तर खोक्यात भरून नेता येईल.

"मग ठीक आहे. मला वाटलं, माझ्यासाठी कायमचं काही करताय."

त्यावर आम्हाला चटकन काही बोलता आले नाही. साताऱ्याचे घर बंद आहे, परतीचे तिकीट एप्रिलचे आहे, आणि त्या विषयाला घरात अजून कोणी हात घातलेला नाही. पाणी वाहून जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला दाराकडे किंचित उतार असतो. वडील तो टाळून आडवे चालतात. एक फेरी वीस फूट, म्हणजे मैलाला दोनशे चौसष्ट फेऱ्या, हा हिशोब त्यांनी स्वतःच मांडला. फेऱ्या मोजायला खिशात शेंगदाणे ठेवतात, दर वीस फेऱ्यांना एक दाणा या खिशातून त्या खिशात. परवा दाणे तेरा झाले होते.