एसआरपी, ७/१५

२४ मे २०२५, शनिवार, देवास

सेबास्तियाव साल्गादो काल पॅरिसमध्ये वारले. ८१ वर्षांचे होते. शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ, लंडनला कॉफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नोकरी, आणि १९७३ साली सगळं सोडून कॅमेरा. संध्याकाळी मी त्यांचं ‘वर्कर्स’ हे पुस्तक काढून बसले. कुवेतची पानं. १९९१ साली इराकी फौजा मागे हटताना सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून गेल्या. शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला. डोक्यापासून बुटापर्यंत तेलाने माखलेली माणसं विहिरीचं तोंड बंद करताहेत, आकाश भर दुपारी काळं.

ह्यांना पान दाखवलं. ओएनजीसीत हयात गेली, त्यातली बरीचशी मुंबई हायवर. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “तिथला आवाज येत नाही ह्यात.” साल्गादोंच्या कानांना कुवेतमध्ये कायमची इजा झाली, हे मी वाचलेलं होतं. ह्यांना ते ठाऊक नव्हतं.

तेलक्षेत्राची छायाचित्रं मी जमवते, हे त्यांना अजून नीटसं पटलेलं नाही. “ज्याच्याकडे चौदा-चौदा दिवस बघून वैताग यायचा, ते तू पैसे देऊन भिंतीवर लावणार?” हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतोच.

८ जून, रविवार

मुंबईच्या गॅलरीवाल्याने नव्या प्रिंटची माहिती पाठवली आहे. मेहसाण्याकडचं शेत, कमरेपर्यंत एरंड, मधोमध तेल उपसणारा पंप, ह्यांच्या भाषेत एसआरपी, मान खाली घालून उभा. पहाटेचा उजेड. छायाचित्रकार तरुण आहे, अजून फार नाव झालेलं नाही. आवृत्ती पंधरा प्रतींची, शिवाय दोन कलाकाराच्या स्वतःच्या. सहा गेल्या, मला सातवी मिळेल. दहावीनंतर भाव वाढणार. हे सगळीकडचंच गणित. प्रती संपत येतात तशी किंमत चढते, आणि ‘संपत आल्या’ हे सांगणारा विकणाराच असतो.

दुपारी भाऊजी आले. बँक नोट प्रेसमधून निवृत्त. आत काय चालायचं हे आजवर आम्हाला कधी सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाहीत. पण छापील कागदावरचा आकडा दिसला की त्यांचे डोळे चमकतात. मी त्यांना ‘७/१५’ समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “वहिनी, बिघडलेल्या प्रती कुठे गेल्या?”

नोटांचा हिशेब त्यांनी सांगितला, तो जगजाहीर आहे. छपाईत नोट खराब निघाली की पूर्वी त्याच क्रमांकाची दुसरी छापून जागा भरायची. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने तारांकित नोटा आणल्या: क्रमांकात एक चांदणी, म्हणजे ही बदली आलेली. खराब झालेला कागददेखील मोजून, नोंद करूनच नष्ट होतो. “तुमच्या गॅलरीत हे कोण बघतं?” कोणीच नाही. छायाचित्रकाराची सही आणि त्याचा शब्द. निगेटिव्ह किंवा फाइल त्याच्याकडेच असते, उद्या सोळावी काढायची म्हटली तर हात धरायला कुणी नाही.

त्यांना एगल्स्टनचा खटला सांगितला. विल्यम एगल्स्टनने जुन्याच चित्रांच्या मोठ्या, नव्या तंत्राच्या प्रती काढून २०१२ मध्ये लिलावात विकल्या. जुन्या मर्यादित प्रती घेणारा सोबेल नावाचा संग्राहक कोर्टात गेला, की माझ्या मालाची किंमत घसरली. पुढच्या वर्षी कोर्टाने दावा काढून टाकला: आकार वेगळा, तंत्र वेगळं, म्हणजे आवृत्तीही वेगळी. भाऊजी बराच वेळ हसत होते. “म्हणजे पाचशेची नोट जरा मोठ्या आकारात काढली तर चालेल?”

२१ जून, शनिवार

काल रात्री झोडपून पाऊस. भिंतींना ओल सुटायच्या आत सगळ्या प्रिंट खाली उतरवल्या. माळव्यातला उन्हाळा कागदाला मानवतो, पावसाळा नाही. बोर्ड आम्लविरहित, मागे सिलिका जेलच्या पिशव्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. कसर लागली की आधी डिंक खाते, मग कागद. हातमोजे सुती, कामवाल्या मावशी म्हणतात, बाई, डॉक्टरीण झालात.

मित्तर बेदींच्या जुन्या प्रिंटा बघितल्या होत्या एकदा, ते आठवलं. १९२६ साली लाहोरला जन्म, आधी समारंभांचे फोटो, आणि १९६० च्या सुमाराला कारखान्यांकडे वळले. पाइप, टाक्या, चिमण्या यांतून त्यांनी अशी चित्रं काढली की कंपन्यांच्या अहवालांत ती मावेनात. काम मात्र कंपन्यांसाठीचं, कोपऱ्यात आकडा घालण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ साली ते गेले. आता त्यांच्या हयातीत निघालेली प्रत कुठली आणि नंतरची कुठली, हे शोधत जाणकार कागदाची मागची बाजू वाचतात.

६ जुलै, रविवार, आषाढी, धार

माहेरी. साबुदाण्याची खिचडी खाऊन पाऊस थांबल्यावर लाट मशिदीकडे गेलो. बाहेर चौथऱ्यावर लोखंडी खांबाचे तीन तुकडे आडवे पडले आहेत. १४०५ ची मशीद, खांब तिच्याही आधीचा. जोडला तर तेरा मीटरच्या वर भरेल. गुजरातचा बहादूरशाह तो हलवायला गेला आणि खांब मोडला, असं जहांगीर लिहून गेला आहे. खांबाला मधूनमधून भोकं आहेत. घडवताना सळई घालून तो फिरवायला सोय. हे त्या भोकांत बोट घालून बघत राहिले. रिगवर पाइप असेच रॅकवर आडवे ठेवतात म्हणाले, फक्त एवढे गंजलेले आत सोडत नाहीत. मग स्वतःच दुरुस्ती केली: हे गंजलेलं कुठे आहे, वरचा थर तर शाबूत आहे.

मी बरेच फोटो घेतले. एकही धड नाही. पावसाने काळं झालेलं लोखंड मोबाइलला दिसतच नाही, त्याला नुसती सावली दिसते.

२७ जुलै, रविवार, देवास

वीस वर्षं झाली. २००५ साली याच तारखेला मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला. मुंबई आदल्या दिवशीच्या पुरात बुडालेली. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरचा एक स्वयंपाकी जखमी झाला होता, त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आलं, लाटांत आदळलं, तेलवायूची नळी फुटली. दोनेक तासांत सगळं समुद्रात गेलं. २२ माणसं गेली. ३६२ वाचली, तशा हवेत. ह्यांची पाळी पुढच्या आठवड्यातली होती.

ज्वाळांचे फोटो तेव्हाच्या वर्तमानपत्रांतले आहेत, कात्रणं ह्यांनी फाइलला लावून ठेवलीत. आज मी विचारलं, यातला एखादा कुणी चांगल्या कागदावर, सही करून विकला तर? “घरात आणायचा नाही.” मग कुवेतचं पुस्तक कसं चालतं? म्हणाले, तिथे माणसं काम करताहेत.

यावर वाद घालता येतो. छायाचित्रकार बर्टिन्स्कीच्या ‘ऑइल’मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेल्रिजचे पंप क्षितिजापर्यंत रांगेने उभे आहेत, माणूस शोधून सापडत नाही, तरी ते पुस्तक मला लागतंच. पण आज मी वाद घातला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

राखीला भाऊजींची धाकटी बहीण आली होती, तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. आहेराच्या पाकिटांसाठी एक रुपयाच्या कोऱ्या नोटांचं पुडकं हवं होतं तिला. बाजारात ते छापील किमतीपेक्षा महाग मिळतं. भाऊजींनी एक नोट काढून माझ्यापुढे धरली. मागच्या बाजूला रुपयाचं नाणं, आणि सागर सम्राट. हिरोशिमाला बांधलेली ती रिग १९७३ मध्ये आली, पुढच्याच वर्षी मुंबईपासून १६० किलोमीटरवर तिला तेल लागलं. ही नोट रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची; सही वित्त सचिवांची. १९९४ ला छपाई थांबली, २०१५ ला नाथद्वाऱ्याला पुन्हा निघाली. ९.७ बाय ६.३ सेंटिमीटर.

“वहिनी, देशातलं सगळ्यात जास्त प्रती निघालेलं तेलाचं चित्र. प्रत्येकीवर वेगळा आकडा. आणि तुम्ही पंधरातली सातवी घेता.”

नोट मी ठेवून घेतली, पाकिटाला दुसरी दिली. प्रिंटही घेतली. गॅलरीवाल्याकडून मात्र लेखी घेतलं: सर्व आकार मिळून किती प्रती, कागद कुठला, शाई कुठली, छपाई कुणी केली, आणि भाऊजींच्या आग्रहाने, बिघडलेल्या प्रतींचं काय केलं. उत्तराला दहा दिवस लागले. छायाचित्रकाराने स्वतः लिहिलं की तीन बिघडल्या, त्या त्याने फाडल्या, फाडलेल्यांचा फोटोही पाठवला. भाऊजींनी तो फोटो मोठा करून तुकडे मोजले.

आज खोका उघडला. माहितीपत्रात पंपाच्या पायथ्याशी पसरलेल्या ‘गूढ काळ्या सावली’चं कौतुक होतं. ह्यांनी भिंग मागितलं. उजेड डावीकडून येतोय, मग सावली डावीकडेच कशी? खालपासून वर बोट नेत म्हणाले, “सावली कसली, स्टफिंग बॉक्समधून तेल गळतंय. एसआरपीला हे नेहमीचंच. पॅकिंग बदलायला हवं होतं.” मग एरंडाची पानं बघितली, विहिरीजवळच्या दोन ओळी खरंच खुरटलेल्या आहेत. माझ्या इतक्या वेळा बघण्यात ते आलं नव्हतं.

दिवाणखान्यात लावायची ठरली आहे. ह्यांची अट एवढीच की आल्यागेल्याला सावली म्हणून सांगायचं नाही.