झेंडा पिशवीत की पिशवीबाहेर?

नागपूरला जायचं ठरलं की आमच्या वस्तीत आधी तिकिटांचं भांडण होतं, मग सामानाचं. तिकिटांचं लवकर मिटतं, कारण तिथे नियम आहेत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. आम्ही ३४ जण, म्हणजे सहा तिकिटं. पैसे दोन महिने आधी गोळा करायचे म्हणजे रोजंदारीवाल्या घरांना आठवड्याला पन्नास-शंभर बाजूला काढायला लावायचे. दीक्षाभूमीला जाणारे फुकटे असतात असं जे लोक चहाच्या टपरीवर सहज बोलून जातात, त्यांनी आमची ही वही एकदा बघावी. बाकीच्यांची गर्दी झाली की तिला श्रद्धा म्हणायचं आणि आमची झाली की नुसती गर्दी, हे आता आम्हाला पाठ झालंय.

तर सामान. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातून दुपारी सुटते आणि मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला करत दुसऱ्या दिवशी नागपूर गाठते. चोवीस तासांच्या वर प्रवास. पहिल्या रात्रीला भाकरी चालते, दुसऱ्या दिवशी ती कडक होते, म्हणून दुधात मळलेल्या दशम्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, खर्डा, भडंग. खर्ड्याचा डबा कुणाच्या पिशवीत ठेवायचा यावर दर वर्षी वाद होतो, कारण एकदा तो डबा उघडला आणि एका ताईची नवी पांढरी साडी हिरवी झाली. पांढरे कपडे वेगळे, प्लॅस्टिकमध्ये. अंथरायला चादर, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, आधार कार्डाची झेरॉक्स. आणि एक रिकामं पोतं. खताचं, पण दोनदा धुतलेलं. ते येताना पुस्तकांसाठी. शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड साध्या पिशवीत घातले की तिचे बंद तुटतात, हा अनुभव आहे. जाताना खाण्याचं वजन आणि येताना पुस्तकांचं, असा आमचा हिशेब.

यंदा मात्र वाद खर्ड्यावर थांबला नाही.

गेल्या वर्षी आमच्या समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं. पुण्यापर्यंत छान गप्पा झाल्या. त्यांच्या मुलाने आमचं भडंग खाल्लं, आमच्या पोरांनी त्यांच्या चकल्या. मग त्या बाईंनी विचारलं, नागपूरला कुणाकडे? आमच्यातल्या एकीने सरळ सांगितलं, दीक्षाभूमीला. "हो का," म्हणाल्या. भांडण नाही, शब्द नाही. डबा बंद झाला आणि मुलाला वरच्या बर्थवर झोपायला पाठवलं. तक्रार करावी असं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच रात्रभर टोचत राहिलं.

म्हणून या वेळच्या बैठकीत आमच्यातला एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "झेंडे, बिल्ले, बॅनर सगळं पिशवीच्या तळाला टाकूया. नागपूर स्टेशनवर उतरल्यावर काढू. तिकीट आपलं आहे, गपगुमान जाऊ. लहान पोरं असतात बरोबर." खोटं कशाला बोलायचं, आमच्यातल्या निम्म्यांना ते पटलं. बायका-पोरांना घेऊन रात्रीचा प्रवास करणाऱ्याला शौर्य शिकवणं सोपं असतं. आम्हीही मान डोलावली.

मग कुणीतरी मसूरचं नाव काढलं.

आमची गाडी कराड सोडते तेव्हा दिवस कलायला लागलेला असतो आणि थोड्याच वेळात मसूर स्टेशन खिडकीतून मागे जातं. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघालेली काही लेकरं इथेच उतरली होती. त्यांतला भीमराव नऊ-दहा वर्षांचा. वडील खटाव भागात गोरेगावला खजिनदार होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली ही मुलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहिली आहे आणि ती सुरू होते ती तयारीपासूनच. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट, बरोबर भरपूर खाणं. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. पत्र वडिलांच्या हाती पडलंच नाही, म्हणून न्यायला कुणी आलं नाही. कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होता. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं दिलं, बैल मुलांनी हाकले आणि गाडीवान बाजूने चालला.

आणि पाणी. डबे भरलेले होते, पाणी नव्हतं. रात्री जकात नाक्यावर त्यांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून उर्दूत पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. भरल्या डब्यांशेजारी लेकरं उपाशी झोपली.

बैठकीत आमचा मुद्दा एवढाच होता: त्या रात्री ओळख लपवूनही घसा ओला झाला नाही. मग तळाला टाकलेला झेंडा आम्हाला नक्की कशापासून वाचवणार? समोरच्या बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, नागपूरला संत्री घ्यायला चाललोय? १४ ऑक्टोबर १९५६ ला जे मिळालं, ते घ्यायला जाताना वाटेत ते नाकारत जायचं?

पोरगाही कच्चा नव्हता. म्हणाला, "बाबासाहेब लहान होते, एकटे होते. आपण ३४ जण आहोत आणि तरी घाबरतोय, हे मला कळतं. पण धक्काबुक्की झाली तर लेखात लिहून भागत नाही." यावर आमच्याकडे चटकन उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

उत्तर आक्काने दिलं, तेही वेगळ्याच गोष्टीवर. तिचा दहा लिटरचा पाण्याचा कॅन कुणी यादीत धरला नव्हता. स्टेशनवर बाटली मिळते, एवढं ओझं कशाला, असं सगळ्यांचं मत. आक्का सत्तरीच्या पुढची. तिच्या गावी विहिरीवर ती कळशी घेऊन लांब उभी राहायची आणि कुणी ओतेल तेव्हा घ्यायची. ती म्हणाली, "माझा क्यान येनार. आन् त्येच्यावर झेंडा बांधनार. समोरच्याच्या पोराला तहान लागली तर त्येला बी दीन. घ्यायचं का न्हाई, त्येनं ठरवायचं."

कुणी टाळी वाजवली नाही. पोरगा खाली बघून हसला आणि यादीत कॅन लिहिला. बिल्ले ज्याला लावायचे त्याने लावावेत, बॅनर लांब आहे म्हणून बर्थखाली, झेंडा वर, असं ठरलं. डब्यात एका बाजूला सलग बर्थ मिळालेत, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं आत, दाराकडच्या बाजूला तरणी पोरं. रात्री दोघांनी आळीपाळीने जागायचं. ही सूचना त्या पोराचीच आणि ती आम्ही मुकाट्याने मान्य केली.

निघायच्या दिवशी सकाळी अकराला सगळ्यांनी बिंदू चौकात जमायचंय. बाबासाहेब हयात असताना, १९५० साली उभारलेला त्यांचा पुतळा तिथे आहे. तिथून स्टेशन. दशम्या आदल्या रात्री करायच्या, खर्ड्याचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळायचा. आणि भरलेला दहा लिटरचा कॅन प्लॅटफॉर्मपर्यंत कोण उचलणार, याचं नाव यादीत अजून कोरं आहे.